एकशे चौऱ्याऐंशी परार्धांच्या पोटात

आज एका संख्येबद्दल बोलायचे आहे. ती संख्या अशी : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ती वीस अंकी आहे. कोटीच्या पुढे गेलो की आपली जीभ अडखळते. अर्थसंकल्पाच्या दिवसांत ‘लाख कोटी’ म्हणून आपण वेळ मारून नेतो. पण मोठ्या संख्यांना आपल्याकडे नावे नव्हती, असे मुळीच नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एकं, दहं, शतं, सहस्र असे चढत जाऊन कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध इथपर्यंतची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या नावांनी आपली संख्या वाचायची तर १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५. निखर्वाच्या जागी शून्य आहे, म्हणून ते नाव आले नाही.

ही संख्या आली कुठून? ती गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्यावर राजा खूश झाला आणि म्हणाला, काय हवे ते माग. त्याने मागितले गव्हाचे दाणे. पटावरच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दर घराला दुप्पट करीत चौसष्ट घरे भरायची. राजा हसला, आणि हिशेब झाल्यावर त्याचे हसू मावळले. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या अरबी लेखकाने ती लिहून ठेवली आहे आणि त्यात खेळ शोधणारा सिस्सा हा हिंदुस्थानातला आहे. दाण्यांचा हिशेब मात्र त्याहून जुना. हिंदुस्थानाविषयी विस्ताराने लिहिणारा अल्‌ बिरूनी आपल्याला ठाऊक आहे. त्याने इ. स. १००० च्या सुमारास कालगणनेवर एक ग्रंथ लिहिला, त्यात ही वीस अंकी बेरीज अचूक दिली आहे.

बेरीज करण्याची एक सोपी युक्ती आहे. पहिल्या दोन घरांत मिळून तीन दाणे, म्हणजे तिसऱ्या घरातल्या चारांपेक्षा एक कमी. पहिल्या तीन घरांत सात, म्हणजे चौथ्या घरातल्या आठांपेक्षा एक कमी. कुठेही थांबा, आतापर्यंतची बेरीज पुढच्या घरापेक्षा एकाने कमी असते. तेव्हा चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे पासष्टावे घर असते तर त्यात जेवढे दाणे पडले असते, त्यापेक्षा एक कमी. गणिताच्या भाषेत सांगायचे तर दोनाचा चौसष्टावा घात, वजा एक.

एवढे गहू म्हणजे किती? एका किलोत साधारण पंचवीस हजार दाणे धरू. मग हे धान्य ७३,००० कोटी टनांच्या पुढे जाते. आज सगळ्या जगात मिळून वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचे जगाचे पीक राजाला त्या पटावर ओतावे लागले असते. वेळेच्या मापाने पाहायचे असेल तर फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८८३ साली काढलेला ‘टॉवर ऑफ हनोई’ नावाचा खेळ आठवा. एका खुंटीवरच्या चकत्या तिसऱ्या खुंटीवर न्यायच्या, एका वेळी एकच, आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. काशीच्या देवळातले पुजारी अशाच चौसष्ट सोन्याच्या चकत्या हलवीत आहेत आणि त्यांचे काम संपले की जग संपेल, अशी एक कल्पित कथाही या खेळाबरोबर पसरली. चौसष्ट चकत्यांना लागणाऱ्या खेळ्यांची संख्या हीच, आपली. सेकंदाला एक खेळी केली तरी ५८,००० कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. तेव्हा तूर्त काळजीचे कारण नाही.

बहुतेक पुस्तकांत ही गोष्ट इथेच संपते. केवढी मोठी संख्या, म्हणून आपण तोंडात बोट घालतो आणि पान उलटतो. पण मला विचाराल तर मोठेपणा हा संख्येचा सर्वांत साधा गुण आहे. शेवटी चार शून्ये वाढवली की तिच्याहून मोठी संख्या कोणीही लिहून दाखवील. खरा प्रश्न निराळा आहे. ही संख्या फोडली तर तिच्या पोटात काय निघते? ती कोणकोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे? ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या. बाकीच्या पूर्ण संख्या अशा मूळ संख्यांच्या गुणाकारानेच बनतात, आणि प्रत्येकीची बनावट ठरलेली असते.

शाळेतल्या कसोट्या लावून पाहू. शेवटचा अंक पाच, म्हणजे पाचाने भाग जाणार. सगळ्या अंकांची बेरीज ८७ येते, ८७ ला तिनाने भाग जातो, म्हणजे संख्येलाही तिनाने भाग जाणार. पण इथून पुढे काय? वीस अंकी संख्येला क्रमाने एकेका मूळ संख्येने भागत बसायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. इथे पुन्हा बुद्धिबळाचा पटच मदतीला येतो.

पटाचे दोन अर्धे भाग करा. पहिल्या बत्तीस घरांत मिळून ४,२९,४९,६७,२९५ दाणे आहेत. तेहेतिसाव्या घरात त्याहून एक जास्त, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. पहिल्या घरात एकच दाणा होता, म्हणजे तेहेतिसावे घर पहिल्याच्या इतके पट. चौतिसावे घर दुसऱ्याच्या तितकेच पट, पस्तिसावे तिसऱ्याच्या तितकेच पट, आणि असेच शेवटपर्यंत. थोडक्यात, दुसरा अर्धा पट पहिल्या अर्ध्या पटाच्या ४,२९,४९,६७,२९६ पट आहे. त्यात पहिला अर्धा भाग स्वतः एकदा मिळवा. सगळा पट मिळून पहिल्या अर्ध्या भागाच्या बरोबर ४,२९,४९,६७,२९७ पट झाला. एकही भागाकार न करता वीस अंकी संख्येचे दोन तुकडे झाले.

आता पहिल्या बत्तीस घरांनाही हेच करा. त्यांची पहिली सोळा घरे म्हणजे ६५,५३५ दाणे, आणि बत्तीस घरे मिळून त्याच्या ६५,५३७ पट. सोळा घरांची आठ करा, गुणक मिळतो २५७. आठांची चार करा, गुणक १७. चारांची दोन करा, गुणक ५. आणि पहिल्या दोन घरांत उरतात ३ दाणे. घडी घालत घालत आपण चौसष्ट घरांचा पट दोन घरांवर आणला, आणि हाती आले सहा अवयव : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. कागद-पेन्सिल घेऊन यांचा गुणाकार करून पाहा, राजाचे दाणे परत मिळतील.

या सहा संख्यांकडे जरा निरखून पाहा. प्रत्येक संख्या म्हणजे दोनाचा एखादा घात, अधिक एक. पहिल्या पाच मूळ आहेत. सहावीचे काय? सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पिअर द फर्मा नावाचा मोठा गणिती होऊन गेला. पेशाने तो न्यायखात्यातला, गणित फावल्या वेळचे. त्याने १६४० साली पत्रांतून असे मत मांडले की या मालिकेतल्या सर्वच संख्या मूळ असणार. आपल्याजवळ पक्की सिद्धता नाही, हेही त्याने लिहिले होते. पाच उदाहरणे बरोबर निघाली होती आणि सहावे दहा अंकी असल्यामुळे तपासणे जिकिरीचे होते. जवळजवळ शंभर वर्षे हे मत तसेच राहिले.

१७३२ साली लिओनार्ड ऑयलरने त्याला छेद दिला. ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो, असे त्याने दाखवले. सरळ २, ३, ५, ७ असे भाग देत गेलो तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. म्हणजे ११५ भागाकार फुकट गेल्यावर तिची पाळी. ऑयलरने पुढे एका लेखात सिद्ध केले की या दहा अंकी संख्येला ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिला चौसष्टाने भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे. आता चाळणी लावा. ६५ मूळ नाही, १२९ नाही, १९३ आहे, २५७ आहे, ३२१ नाही, ३८५ नाही, ४४९ आहे, ५१३ नाही, ५७७ आहे आणि मग ६४१. पाचव्या भागाकारातच उत्तर हाती येते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः ताळा करा. दुसरा अवयव आहे ६७,००,४१७. त्याला ६०० ने गुणले तर ४,०२,०२,५०,२००. चाळिसाने गुणले तर २६,८०,१६,६८०. एकाने गुणले तर तोच. तिन्हींची बेरीज करा : ४,२९,४९,६७,२९७. शंभर वर्षे टिकलेले एका थोर गणितज्ञाचे मत चौथीतल्या मुलाला येणाऱ्या गुणाकाराने कोसळते. मी विद्यार्थ्यांना हा ताळा फळ्यावर करायला सांगतो, तो यासाठीच. पाच वेळा खरे ठरले म्हणजे सहाव्यांदा खरे ठरेलच, असा कायदा गणितात नाही. गणिताबाहेरही तो नाही, पण बाहेर चूक इतकी स्वच्छ दाखवता येत नाही.

६७,००,४१७ ही संख्या मूळच आहे. तेव्हा राजाच्या दाण्यांचे संपूर्ण अवयव झाले सात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. फर्माच्या मालिकेचे पुढे काय झाले म्हणाल, तर या दहा अंकी संख्येपासून पुढच्या सलग अठ्ठावीस संख्या मूळ नाहीत, हे आज माहीत आहे. पहिल्या पाचांनंतर सहावी मूळ संख्या या मालिकेत अजून कोणालाही सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

पण त्या पहिल्या पाचांना एक विलक्षण मान मिळाला. १७९६ साली अठरा वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउसने शोधून काढले की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सतरा समान बाजूंची आकृती काढता येते. त्रिकोण आणि पंचकोन प्राचीन ग्रीकांना येत होते, सतराची कल्पना दोन हजार वर्षांत कोणाला सुचली नव्हती. पुढे हेही ठरले की बाजूंची संख्या विषम असेल, तर ती या पाच मूळ संख्यांपैकी एक असावी लागते किंवा त्यांच्यातल्या काहींचा, प्रत्येक एकदाच घेऊन केलेला, गुणाकार असावी लागते. नवी मूळ संख्या सापडली तर गोष्ट वेगळी. पाच संख्यांतून अशा एकतीस निवडी होतात. सगळ्यांत मोठी निवड म्हणजे पाचही एकत्र, आणि त्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५. ओळखलेत? अर्ध्या पटावरचे दाणे! पट्टी आणि कंपासने काढता येईल अशी, आज माहीत असलेली विषम बाजूंची सर्वांत मोठी आकृती नेमकी तेवढ्या बाजूंची आहे. धान्याच्या हिशेबातून निघालेली संख्या भूमितीत अशी अचानक समोर उभी राहते.

आता आपल्या संख्येच्या शेजारी जाऊ. तिच्यात फक्त दोन मिळवा. शेवटचे ६१५ जाऊन ६१७ झाले. बाकी सतरा अंक तेच, आकार तोच. ही फर्माच्या मालिकेतली पुढची संख्या. पण हिला घडी पडत नाही, कसोट्या लागू होत नाहीत. डॅनिश गणिती थॉमस क्लाउसेन याने १८५५ साली गाउसला लिहिलेल्या पत्रात तिचे अवयव कळवले होते, पण ते पत्र दुर्लक्षित राहिले. १८८० साली फ्रान्समधल्या फॉर्च्युने लांद्री याने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते स्वतंत्रपणे काढले : २,७४,१७७ आणि ६७,२८,०४,२१,३१०,७२१ असे दोनच अवयव, दुसरा तब्बल चौदा अंकी. पहिली संख्या आपण चहा पिता पिता फोडली. तिच्या शेजारणीने गणितज्ञांना कितीतरी काळ दाद दिली नाही. संख्येचे बळ तिच्या लांबीत नसते, बनावटीत असते. मला आज हेच सांगायचे आहे.

आणि हे नुसते कौतुकाचे प्रकरण नाही, यावर तुमचा-आमचा पैसा अवलंबून आहे. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकार पाहून त्या दोन संख्या शोधणे अवघड. या एवढ्याशा विषमतेवर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी एक कुलूप बनवले. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आरएसए’ म्हणतात. इंटरनेटवरच्या देवघेवीत आणि डिजिटल स्वाक्षऱ्यांत ते आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. गुणाकार जाहीर असतो, अवयव गुप्त. सध्या प्रचलित असलेला गुणाकार ६१७ अंकी असतो. अशा जातीच्या संख्यांपैकी जाहीरपणे फोडलेली सर्वांत मोठी संख्या २५० अंकी आहे. ती २०२० साली फुटली आणि त्याला संगणकाच्या एका गाभ्याने २,७०० वर्षे राबावे इतके काम लागले.

पण कुलूप लांबलचक आहे म्हणून सुरक्षित, असे समजू नका. २०१२ साली संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून एकमेकींशी ताडून पाहिल्या. काही उपकरणांनी मूळ संख्या नीट यदृच्छेने निवडल्या नव्हत्या, त्यामुळे दोन निरनिराळ्या गुणाकारांत एकच अवयव आला होता. दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक, आपला शाळेतला मसावि, काढला की दोन्ही कुलुपे एकदम उघडत होती. शेकडो अंकांचा काही उपयोग झाला नाही. राजाच्या दाण्यांसारखीच त्यांचीही बनावट उघडी पडली होती. उद्या क्वांटम संगणक पुरेसे मोठे झाले तर नीट निवडलेल्या संख्याही फुटतील, हे पीटर शोर याने १९९४ सालीच दाखवून ठेवले आहे. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या कुलुपांची पहिली मानके जाहीर केली.

या आरएसए कुलपात आपला एक जुना ओळखीचा बसला आहे. कुलूप लावताना निरोपाची संख्या करून तिचा एक ठरावीक घात काढतात, मग जाहीर गुणाकाराने भागून बाकी ठेवतात. हा घात बहुतेक ठिकाणी ६५,५३७ असतो. होय, पटाच्या घडीतून निघालेला पाचवा अवयव. तोच का? एक कारण असे की एखादी संख्या इतक्या वेळा स्वतःशी गुणायची तर ६५,५३६ गुणाकार लागतील असे वाटते, पण लागतात फक्त सतरा. सोळा वेळा वर्ग करायचा आणि शेवटी एकदा मूळ संख्येने गुणायचे.

ही वर्गाची युक्तीही नवी नाही. ‘लीलावती’त एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले, तर महिन्यात किती निष्क दिले? इथे दोनाचा तिसावा घात लागतो. भास्कराचार्यांची रीत अशी : संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ लिहून ठेवा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुणा’ लिहून ठेवा. मग शेवटाकडून उलटे चढा. २ चा वर्ग ४, दुप्पट ८, वर्ग ६४, दुप्पट १२८, वर्ग १६,३८४, दुप्पट ३२,७६८ आणि त्याचा वर्ग १,०७,३७,४१,८२४. एकोणतीस गुणाकारांचे काम सातांत झाले. त्यातून एक वजा करून दुप्पट केली की कवड्या २,१४,७४,८३,६४६, म्हणजे १,०४,८५७ निष्क आणि वर थोडी चिल्लर. या रीतीची मुळे त्याही आधीच्या पिंगलाच्या छंदशास्त्रात आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे, की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापन केला. त्या मठात विद्यार्थी कवड्यांसाठी जी पायरी चढत असतील, तीच पायरी आज तुमचा संगणक आरएसए वापरताना क्षणार्धात चढतो.

तेव्हा यापुढे कोणी मोठी संख्या समोर ठेवली, मग ती दाण्यांची असो, रुपयांची असो की कुलपाची, तर किती अंकी आहे एवढे विचारून थांबू नका. ती कशी बनली आहे, हेही विचारा. एक सुरुवात करून देतो. पट चौसष्टांऐवजी छत्तीस घरांचा असता तर शेवटची बेरीज ६८,७१,९४,७६,७३५ आली असती. पट निम्मा करायचा, त्याचे तीन समान भाग करायचे, की दोन्ही, हे तुम्ही ठरवा. भागाकार करण्याआधी घडी घालून पाहा.